अमेरिकेतले माजी अधिकारी आणि त्यांचा सिक्युरिटी क्लिअरन्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी काही माजी अधिकाऱ्यांचे सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे गुप्त माहिती हाताळण्याची सरकारी मान्यता, काढून घेतले, तेव्हापासून हे प्रश्न मला सारखे येतायत. काही पुण्या-नाशिकच्या नातेवाइकांचे, बरेचसे इथल्याच व्हर्जिनिया-मेरीलँडमधल्या मराठी घरांतले, कारण इकडे प्रत्येक चार घरांमागे कोणीतरी सरकारी कंत्राटाच्या कामावर असतंच. मी स्वतः नऊ वर्षं क्लिअरन्स लागणारं काम केलं आणि आता सोडलंय. खाली जे लिहिलंय ते सगळं उघड माहितीतलं आहे. एकच उत्तर दोनदा येऊ नये म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. सिक्युरिटी क्लिअरन्स म्हणजे नक्की काय असतं? कार्ड मिळतं का?

कार्ड वगैरे नाही, क्लिअरन्स म्हणजे सरकारने तुमच्याबद्दल काढलेला निष्कर्ष, की हा माणूस गुप्त माहिती हाताळायला भरवशाचा आहे. पायऱ्या तीन: कॉन्फिडेन्शियल, सीक्रेट आणि टॉप सीक्रेट. अणुऊर्जेच्या कामासाठी ऊर्जा खात्याचे क्यू आणि एल असे वेगळे प्रकार आहेत. सुरुवात एसएफ-८६ नावाच्या लांबलचक फॉर्मने होते, त्यात जुने पत्ते, कर्ज, परदेश प्रवास, परदेशातले नातेवाईक सगळं भरायचं. माझ्या सासऱ्यांची शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख १ जून आणि खरी वेगळी, हे तपासायला आलेल्या बाईंना समजावण्यात माझा अर्धा तास गेला होता, पण त्यांनी सगळं शांतपणे लिहून घेतलं.

महत्त्वाचं म्हणजे टॉप सीक्रेट मिळाला म्हणून सगळी कपाटं उघडत नाहीत. प्रत्येक वेळी दुसरा प्रश्न विचारला जातो, की हे तुला तुझ्या कामासाठी लागतंय का. लागत नसेल तर नाही, मग तुम्ही कितीही वरचे असा. २०१७ च्या सरकारी अहवालात क्लिअरन्स असलेल्यांचा आकडा ४० लाखांच्या आसपास होता, म्हणजे ही काही मूठभर लोकांची गोष्ट नाही.

२. नोकरी सोडली की क्लिअरन्स जायलाच पाहिजे ना? मग "माजी" लोकांकडे तो राहतोच कसा?

सगळा गोंधळ इथेच होतो. दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एक पात्रता आणि दुसरी प्रत्यक्ष बघण्याची परवानगी. नोकरी सोडली की परवानगी त्याच दिवशी बंद होते. पात्रता मात्र नोंदीत काही काळ तशीच राहते, आणि साधारण दोन वर्षांच्या आत परत तसलं काम मिळालं, आधीची तपासणी जुनी झालेली नसली, तर सगळं पहिल्यापासून न करता ती पुन्हा चालू करता येते.

माझा शेवटचा दिवस सांगतो. आमच्या खोलीबाहेर फोन ठेवायचे छोटे लॉकर होते, त्यातून फोन काढला, त्याची किल्ली दिली, बॅज दिला, मग सुरक्षा अधिकाऱ्याने एक कागद समोर ठेवला ज्यावर लिहिलेलं की जे पाहिलं ते आयुष्यभर कोणाला सांगायचं नाही, त्यावर सही केली. दहा मिनिटांत संपलं. दुसऱ्या दिवशी एका सहकाऱ्याचा काहीतरी विसरलं म्हणून फोन आला तर त्याला मी म्हटलं, आता तू मला हे विचारूच शकत नाहीस. नऊ वर्षं शेजारी बसलेला माणूस, पण नियम म्हणजे नियम.

सामान्य कर्मचाऱ्याचं हे असं होतं. मोठ्या पदावरच्यांचं वेगळं असतं, ते प्र. ४ मध्ये.

३. म्हणजे रिटायर झालेला सीआयएचा प्रमुख घरी बसून गुप्त फाइली वाचतो का?

नाही. घरी फाइली येत नाहीत, कॉम्प्युटरवर लॉगिन चालू राहत नाही. काही बघायचंच असेल तर कोणीतरी पदावरच्या माणसाने त्याला बोलवावं लागतं, सुरक्षित खोलीत बसवावं लागतं आणि ते दाखवण्याचं कारण असावं लागतं. टीव्हीवर बसणारा माजी प्रमुख सकाळी ताजा गुप्त अहवाल वाचून येतो हा समज चुकीचा आहे. त्याच्याकडे असतो तो अनुभव, आणि लोकांच्या मनात त्याच्या पदाचं वजन. हे वजन क्लिअरन्स काढून जात नाही, हा मुद्दा प्र. ८ ला लागेल.

४. मग सरकार मोठ्या माजी अधिकाऱ्यांचा क्लिअरन्स चालू ठेवतंच का?

मुख्य कारण कामाचं आहे. समजा एखाद्या देशाशी पाच वर्षं चाललेल्या बोलण्यांची सगळी मेख एका माणसाला माहीत आहे, तो गेला, त्याच्या जागी नवीन आला आणि तीन महिन्यांनी तेच प्रकरण पेटलं. नवीन माणसाने जुन्याला बोलवून विचारलं तर फायदा देशाचाच. जुन्याचा क्लिअरन्स जिवंत नसेल तर प्रश्नसुद्धा नीट विचारता येत नाही, कारण प्रश्नातच गुप्त माहिती असते. शिवाय सल्लागार मंडळं असतात, चौकशी आयोग असतात, त्यांना जुनी जाणती माणसं लागतात.

नियमांत आणखी एक दार आहे. २००९ चा राष्ट्राध्यक्षांचा आदेश, क्रमांक १३५२६, त्यात माजी राष्ट्राध्यक्ष, उपराष्ट्राध्यक्ष आणि त्यांनी नेमलेले धोरण ठरवणारे वरचे अधिकारी यांना "कामासाठी लागतंय का" या अटीतून सूट देता येते, पण नेमलेल्या अधिकाऱ्यांना पदावर असताना त्यांनी स्वतः लिहिलेली, वाचलेली, सही केलेली किंवा त्यांच्याकडे आलेली कागदपत्रंच बघण्यापुरती, आणि त्यासाठी खात्याच्या प्रमुखाने लेखी ठरवावं लागतं. आठवणी लिहिणारे, आयोगापुढे साक्ष देणारे याचा उपयोग करतात. मला हे दार बरोबर वाटतं कारण ते अरुंद आहे.

५. खरं कारण पैसा आहे असं म्हणतात, ते खोटं का?

खोटं नाही. इकडे नोकरीच्या जाहिरातीत क्लिअरन्स चालू असणं हीच पहिली अट असते, कारण नवीन माणसाची तपासणी होईपर्यंत कंपनीला महिनोन्‌महिने थांबावं लागतं. त्यामुळे मोठ्या पदावरून उतरलेला माणूस कंत्राटदार कंपनीत किंवा तिच्या संचालक मंडळावर गेला की चालू क्लिअरन्सची किंमत त्याच्या खिशात पडते. देशाच्या कामासाठी दिलेली गोष्ट अशी भांडवल होणं मला पटत नाही. पण कंपनीत बसून तो सरकारचंच काम करत असेल तर त्या कामापुरता क्लिअरन्स लागणारच, तिथे कंपनीने रीतसर मागणी करावी आणि सरकारने द्यावा. काम नसताना नुसता मानाचा म्हणून तो चालू राहतो, अडचण तिथे आहे.

६. माजी राष्ट्राध्यक्षांना क्लिअरन्स असतो का? बायडन यांचा काढला म्हणजे काय काढलं?

राष्ट्राध्यक्ष, उपराष्ट्राध्यक्ष, खासदार, सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश यांना पदामुळेच गुप्त माहिती मिळते, त्यांची एसएफ-८६ वाली तपासणी होत नाही. पद गेल्यावर माजी राष्ट्राध्यक्षांना गुप्तचर खात्याकडून अधूनमधून माहिती दिली जायची, ती परंपरा होती, हक्क नव्हता. फेब्रुवारी २०२१ मध्ये बायडन म्हणाले की ट्रम्प यांना ही माहिती द्यायची गरज नाही, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी तेच बायडन यांच्याबाबतीत केलं. मार्च २०२५ च्या पत्रकात मग कमला हॅरिस, हिलरी क्लिंटन, अँटनी ब्लिंकन, जेक सलिव्हन, लिझ चेनी अशी लांब यादी आली. तेव्हा कुठल्या बाजूने सुरुवात झाली हे विचारणाऱ्यांनी दोन्ही तारखा लक्षात ठेवाव्यात. माझ्या मते २०२१ मध्येही ते एका माणसाच्या मुलाखतीतल्या वाक्यावर न होता नियमाने व्हायला हवं होतं.

७. २०१८ चं ब्रेनन प्रकरण काय होतं?

जॉन ब्रेनन २०१३ ते २०१७ सीआयएचे प्रमुख. पद सोडल्यावर ते ट्रम्प यांच्यावर फार कडक भाषेत टीका करत होते. १५ ऑगस्ट २०१८ ला व्हाइट हाउसने जाहीर केलं की त्यांचा क्लिअरन्स काढतोय, आणि सोबत आणखी काही नावं वाचून दाखवली ज्यांचा विचार चालू आहे. त्यात एफबीआयचे माजी प्रमुख जेम्स कोमी आणि माजी उपप्रमुख अँड्र्यू मकेब ही नावं होती, ज्यांचे क्लिअरन्स नोकरी गेल्यावर आधीच बंद झालेले. माझ्यासाठी हाच पुरावा आहे की यादी सुरक्षेच्या टेबलावर तयार झाली नव्हती, सुरक्षा खात्याने आधी नोंदी बघितल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी ॲडमिरल विल्यम मॅक्रेव्हन, ज्यांनी २०११ च्या बिन लादेनवरच्या कारवाईची सूत्रं सांभाळली, त्यांनी वृत्तपत्रात उघड पत्र लिहून सांगितलं की माझाही काढा. मला त्या पत्राचं अजून कौतुक वाटतं, कारण अशा माणसाला गप्प बसणं सगळ्यात सोपं होतं.

८. पण ५१ जणांच्या पत्राचं काय? त्यांनी पदाचा गैरवापर केलाच ना?

हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि तो टाळू नये. १९ ऑक्टोबर २०२० ला, निवडणुकीच्या दोन आठवडे आधी, ५१ माजी गुप्तचर अधिकाऱ्यांनी पत्र काढलं की जो बायडन यांचा मुलगा हंटर बायडन यांच्या लॅपटॉपमधल्या ईमेलचं प्रकरण रशियाच्या प्रचारमोहिमेसारखं दिसतंय. लिऑन पनेटा, मायकल हेडन, ब्रेनन असे सीआयएचे माजी प्रमुख त्यात. पत्रात हेही लिहिलेलं की आमच्याकडे रशियाचा हात असल्याचा पुरावा नाही, पण ते वाक्य कोणी वाचलं नाही आणि त्यांनाही ते वाचलं जाणार नाही हे कळायला हवं होतं. पुढे तोच लॅपटॉप हंटर यांच्यावरच्या २०२४ च्या डेलावेअरमधल्या खटल्यात सरकारी पक्षाने पुरावा म्हणून वापरला.

२० जानेवारी २०२५ ला, शपथविधीच्याच दिवशी, ट्रम्प यांनी आदेश काढून सही करणाऱ्यांचे आणि सोबत स्वतःचेच माजी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार जॉन बोल्टन यांचे क्लिअरन्स काढले. माझं म्हणणं असं, की पत्र चुकीचं होतं, पदाचं वजन वापरून अंदाजाला खात्रीचा रंग दिला गेला. पण त्यात गुप्त माहिती फोडली होती का, तर नाही. क्लिअरन्स फक्त एकाच प्रश्नाचं उत्तर देतो, हा माणूस गुपित राखेल का. त्याचं राजकीय मत चुकलं, अगदी निवडणुकीवर परिणाम होईल इतकं चुकलं, तरी त्याची शिक्षा टीका, बदनामी, संसदेपुढची चौकशी ही असावी. आणि ते वजन तर त्यांच्याकडे अजून आहेच, क्लिअरन्स काढून ते कमी झालं नाही.

९. राष्ट्राध्यक्षांना कोणाचाही क्लिअरन्स काढायचा अधिकार आहे का?

बराचसा आहे. १९८८ चा नेव्ही विरुद्ध एगन हा निकाल यात पाया मानतात. थॉमस एगन हा वॉशिंग्टन राज्यात ब्रेमर्टनला ट्रायडेंट पाणबुड्यांच्या दुरुस्ती केंद्रातला मजूर, जुने गुन्हे लपवल्याच्या कारणावरून त्याचा क्लिअरन्स नाकारला आणि नोकरी गेली. सुप्रीम कोर्ट म्हणालं की क्लिअरन्स हा कोणाचा हक्क नाही आणि कोणावर भरवसा ठेवायचा हे सरकारने ठरवायचं. मोठमोठ्या प्रमुखांचा वाद आज एका मजुराच्या केसवर उभा आहे हे फार लोकांना माहीत नसतं.

पण सामान्य कर्मचाऱ्याला लेखी कारण मिळतं, उत्तर द्यायला वेळ मिळतो, अपील मिळतं, ही पद्धत १९९५ च्या आदेशाने घालून दिलेली. माजी बड्या अधिकाऱ्यांच्या बाबतीत ती बाजूला ठेवून थेट यादी जाहीर झाली.

१०. मग कोर्ट काहीच करू शकत नाही?

करतंय, हळूहळू. २०२५ मध्ये ट्रम्प यांनी काही मोठ्या वकिली कंपन्यांविरुद्ध आदेश काढले, त्यात तिथल्या वकिलांचे क्लिअरन्स थांबवणंही होतं. पर्किन्स कुई, जेनर अँड ब्लॉक, विल्मरहेल, सुसमन गॉडफ्री या चारही कंपन्या खालच्या कोर्टात जिंकल्या, कारण न्यायाधीशांना त्यात सुरक्षेपेक्षा सूड दिसला. मार्क झेड हे व्हिसलब्लोअर, म्हणजे आतले गैरप्रकार उघड करणाऱ्या, लोकांचे वकील, त्यांचं नाव प्र. ६ मधल्या मार्चच्या यादीत होतं, ते मे मध्ये कोर्टात गेले आणि डिसेंबर २०२५ मध्ये वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायाधीशांनी त्यांच्या बाजूने तात्पुरता मनाई हुकूम दिला. म्हणजे एगनचा निकाल आहे म्हणून सगळं माफ, असं नाही.

११. हे सगळं ट्रम्प यांच्या काळातच सुरू झालं का?

नाही हो. सगळ्यात दुखरं उदाहरण १९५४ चं आहे. शास्त्रज्ञ रॉबर्ट ओपनहायमर तेव्हा पहिला अणुबॉम्ब बनवणाऱ्या लॉस ॲलामॉस प्रयोगशाळेचे प्रमुख राहिले नव्हते, फक्त अणुऊर्जा आयोगाचे सल्लागार होते. हायड्रोजन बॉम्बबद्दल त्यांनी सरकारला नको असलेला सल्ला दिला होता, आणि त्यांच्या जुन्या डाव्या ओळखी पुढे करून चौकशी लावली गेली. त्यांच्या वकिलाकडे क्लिअरन्स नव्हता म्हणून गुप्त विषय निघाला की वकिलालाच खोलीबाहेर जावं लागायचं. २९ जूनला आयोगाने ४ विरुद्ध १ मतांनी क्लिअरन्स काढला. त्यांचा करार दुसऱ्या दिवशी, ३० जूनला, आपोआप संपणारच होता. एक दिवस थांबले असते तरी माणूस बाहेरच गेला असता, पण त्यांना तो नुसता बाहेर नको होता, कलंक लावून हवा होता.

१६ डिसेंबर २०२२ ला ऊर्जामंत्री जेनिफर ग्रॅनहोम यांनी तो निर्णय रद्द केला. ओपनहायमर १९६७ लाच गेले होते. ज्यांना वाटतं क्लिअरन्सची शिक्षा किरकोळ आहे त्यांनी मरणानंतरची ही ५५ वर्षं मोजून बघावी.

१२. ज्यांनी खरंच गुप्त माहिती हलगर्जीपणे हाताळली त्यांचं काय झालं?

इथे मी अजिबात मवाळ नाही. जॉन डॉइच सीआयएचे प्रमुख असताना घरच्या साध्या कॉम्प्युटरवर गुप्त मजकूर लिहीत होते, १९९९ मध्ये त्यांचा क्लिअरन्स थांबवला, आणि जानेवारी २००१ मध्ये क्लिंटन यांनी जाता जाता माफी दिली. सीआयएचेच आणखी एक माजी प्रमुख डेव्हिड पेट्रेअस यांनी गुप्त नोंदींच्या वह्या चरित्र लिहिणाऱ्या बाईंना दिल्या, २०१५ मध्ये एक लाख डॉलर दंड आणि दोन वर्षं प्रोबेशन.

सँडी बर्गर यांची गोष्ट माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखी. क्लिंटन यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार, २००३ मध्ये ९/११ आयोगाच्या तयारीसाठी राष्ट्रीय अभिलेखागारात जुनी कागदपत्रं बघायला गेले, म्हणजे माजी अधिकारी म्हणून मिळालेल्या परवानगीनेच. तिथून कागद लपवून बाहेर नेले आणि काही तर बाहेर बांधकामाच्या ट्रेलरखाली ठेवले. २००५ मध्ये गुन्हा कबूल, ५० हजार डॉलर दंड, तीन वर्षं गुप्त माहिती बंद. मला विचाराल तर तीन वर्षं फारच कमी. एखाद्या साध्या सार्जंटने हे केलं असतं तर तो परत आत आला नसता.

१३. क्लिअरन्स गेला म्हणजे आता ते मोकळेपणाने गुपितं बोलू शकतात का?

अजिबात नाही. जी सही मी प्र. २ मध्ये सांगितली ती जन्मभराची आहे. क्लिअरन्स असो, गेलेला असो, काढलेला असो, फरक पडत नाही. पुस्तक लिहायचं तर आधी सरकारला दाखवावं लागतं. फ्रँक स्नेप नावाच्या माजी सीआयए अधिकाऱ्याने न दाखवता व्हिएतनामवरचं पुस्तक छापलं, १९८० मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळी कमाई सरकारजमा करायला लावली, आणि त्यात गुपित फोडलंय असा सरकारचा दावाही नव्हता.

१४. भारतात असा काही प्रकार आहे का?

अमेरिकेसारखा रिटायर झाल्यावर सोबत नेता येईल असा क्लिअरन्स नाही, भारतात उलट बाजूने बांधलंय. १९२३ चा ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्ट निवृत्तांनाही लागू आहे, आणि मे २०२१ मध्ये पेन्शनच्या नियमांत बदल झाला की गुप्तचर आणि सुरक्षा संस्थांतून निवृत्त झालेल्यांनी आपल्या संस्थेशी संबंधित विषयावर परवानगीशिवाय काही छापू नये, नाहीतर पेन्शन अडकू शकते. अमेरिकेत काढून घेण्याची भीती क्लिअरन्सची, भारतात पेन्शनची. ज्यांच्या घरी पेन्शनवर चूल चालते त्यांना फरक सांगायला नको.

१५. तुमचं स्वतःचं मत काय? ठेवावा की काढावा?

पद गेलं की क्लिअरन्स बंद, सगळ्यांचा, आपोआप, पक्ष न बघता. आपल्याकडे माजी मंत्री बंगला सोडत नाहीत म्हणून आपण चिडतो ना, तीच भावना इथे हवी, वस्तू पदाची आहे, माणसाची नाही. ज्याची खरंच गरज आहे त्याच्यासाठी पदावरच्या अधिकाऱ्याने लेखी मागणी करावी, कशासाठी आणि किती महिने ते लिहावं, मुदत संपली की परत बंद. आणि मुदतीच्या आत काढायचा असेल तर माझ्यासारख्या कंत्राटी माणसाला जी नोटीस आणि जे अपील मिळतं तेच त्यांनाही मिळावं. असं झालं तर नव्या सरकारच्या हातात सूड घ्यायला काही उरणारच नाही, कारण काढून घेण्यासारखं आधीच कोणाकडे नसेल.

१६. आमचा मुलगा साधा इंजिनिअर आहे, या मोठ्यांच्या भांडणाचा त्याला काय त्रास होणार?

आधी मूळ गोष्ट: ग्रीन कार्डवर क्लिअरन्स मिळत नाही, सिटिझनशिप लागते. सासर-माहेर भारतात असणं आड येतंच असं नाही, पण लपवणं नक्की येतं, म्हणून सगळं लिहावं.

आता त्रासाचं. एप्रिल २०२५ मध्ये ख्रिस क्रेब्ज, ज्यांनी २०२० ची निवडणूक सुरक्षित झाली असं सरकारी पदावरून सांगितलं आणि त्यासाठी नोकरी गमावली, त्यांचा क्लिअरन्स काढला गेला. पण आदेश तिथे थांबला नाही. ते ज्या सेंटिनेलवन नावाच्या कंपनीत काम करत होते तिथल्या लोकांचेही क्लिअरन्स थांबवायला सांगितले. कंपनीने सांगितलं की असे कर्मचारी दहापेक्षा कमी आहेत. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते हे. त्या मोजक्या जणांनी कुठल्याही पत्रावर सही केली नव्हती, कुठल्या टीव्हीवर बोलले नव्हते. क्रेब्ज यांनी आठवड्याभरात राजीनामा दिला. ऑगस्टमध्ये आणखी ३७ जणांची यादी आली, त्यात माजींबरोबर कामावर असलेलेही होते.

मला मागच्या महिन्यात एका ओळखीच्या मुलाने विचारलं की एका माजी मोठ्या अधिकाऱ्याच्या कंपनीत ऑफर आलीय, पगार चांगला आहे, घेऊ का. दोन वर्षांपूर्वी मी न थांबता हो म्हटलं असतं. या वेळी मी त्याला म्हटलं, आधी बघ तो माणूस सध्या कोणावर टीका करतोय का, आणि हे मला त्याला सांगावं लागलं याचं मला फार वाईट वाटलं.